वुबशेतच्या शालीचा काठ

कॉफीचा तिसरा, म्हणजे शेवटचा पेला झाल्याशिवाय उठायचं नाही आणि निदान एका माणसाशी बोलायचं, अशी बहिणीची ताकीद घेऊन वुबशेत रविवारी चर्चमधून थेट अस्कालेच्या कॉफीच्या दुकानात शिरला. देब्रे बिरहान या डोंगरातल्या थंड गावी बदली होऊन त्याला वर्ष होत आलं होतं. कचेरीत नकाशे काढताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. पण माणूस समोर आला की जीभ टाळूला चिकटायची.

"या वेळी जमलं नाही तर पोरं घेऊन तुझ्याकडेच राहायला येते," असं बहिणीनं, अमसालेनं, फोनवर बजावलं होतं. खरं तर त्यालाही घरी गेल्यावर भिंतींना 'आलो रे' म्हणायचा कंटाळा आला होता.

त्यानं एक वाक्य घोकून ठेवलं होतं : "आज थंडी फार आहे, नाही?"

शेगडीजवळच्या बुटक्या स्टुलावर तो टेकला. अस्कालेनं जेबेन्यातून, कॉफीच्या मातीच्या सुरईतून, पहिला पेला काठोकाठ भरला. शेजारी शिवणकाम करणारी तेरुनेश बसली होती. तिनं मक्याच्या लाह्यांची टोपली पुढे केली. "घ्या ना."

एका हातात पेला, दुसरा टोपलीकडे आणि जिभेवर थंडीचं ते वाक्य. तिन्ही एकदम सांभाळणं जमेना. कॉफी त्याच्या पांढऱ्या शुभ्र शालीवर सांडली.

तेरुनेश लाह्या वाटायला वळलेली बघून त्यानं झटकन शाल सोडली, फिरवली, पुन्हा गुंडाळली. डाग आत दडला, रंगीत काठ गळ्याशी आला. स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला. काठ असा गळ्याशी घेतात तो घरात कुणी गेलं म्हणजे, हे त्या घाईत त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

म्हातारे गाशे बाल्चा दारातून आत आले, थबकले आणि त्यांनी टोपी काढली. "अरेरे! कोण गेलं, बाळा?"

वुबशेतनं तोंड उघडलं. तोच शेगडीशेजारी जळणाऱ्या धुपाचा धूर थेट डोळ्यांत गेला आणि पाणी वाहू लागलं.

"राहू दे, बोलू नकोस," गाशे बाल्चा त्याला बिलगून बसले. "मोकळा हो."

"आणि मी मेली लाह्या देतेय!" तेरुनेशनं शालीच्या टोकानं डोळे पुसले. अस्कालेनं रेडिओ बंद केला. कोपऱ्यातल्या बायकांनी हुंदके काढले. त्याच्या घरी जेवण कुणी न्यायचं, यावर दबक्या आवाजात वादही झाला. इतक्या माणसांनी वुबशेतचा हात आजवर कधी धरला नव्हता. खरं सांगितलं तर ह्यांचं रडणं फुकट जाईल, या विचारानं तो आणखीच अवघडला.

इतक्यात त्याचा फोन वाजला. गाशे बाल्चांनीच उचलला. "कोण? बहीण? मुली, आधी खाली बस. धीर धर."

पलीकडून अशी किंकाळी आली की शेगडीजवळची मांजर पळाली. "माझा भाऊ! देवा, माझा भाऊ!"

वुबशेतनं फोन हिसकावला. "अमसाले, मी जिवंत आहे! कुणी मेलं नाही! कॉफी सांडली म्हणून शाल उलटी घेतली! आणि इथं थंडी फार आहे!"

त्यानं मुकाट्यानं शाल सोडून डाग दाखवला.

गाशे बाल्चांनी डाग नीट निरखला. "कॉफी जवळच्यांपैकी होती का?"

पहिली हसली तेरुनेश. मग कुणालाच आवरेना. "एवढं रडवलंत, आता बसा तिसऱ्या पेल्यापर्यंत," ती म्हणाली. "आणि शाल द्या इकडे. धुऊन ठेवते, पुढच्या रविवारी न्या."

फोनमधून अमसाले अजून विचारत होती, "अरे, पण बोललास का कुणाशी?"

पुढच्या रविवारी अस्कालेनं त्याच्यापुढे अर्धाच पेला ठेवला.

"काठोकाठ भर, अस्काले," वुबशेत म्हणाला.

"आणि सांडला तर?"

धुतलेली शाल मांडीवर घेऊन बसलेल्या तेरुनेशकडे त्यानं पाहिलं, मग गाशे बाल्चांकडे.

"सांडू दे. रडायला माझी माणसं आहेत इथं."