अव्वाच्या बुटाला शेंगाची चटणी

गिरिजाबाईंनी इरकली लुगड्याखाली पांढरे बूट चढवले, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. हसून हसून सगळे केव्हाच दमले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जाड तळाचे बूट सांगितले होते, आणि गिरिजाबाईंनी ते नव्या सुनेनं सासरची कडक भाकरी पत्करावी तसे पत्करले होते. बोलायचं काही नाही, पण दात घट्ट आवळून.

ऑपरेशनला पाच महिने झाले तरी मुलगा शिवू त्यांना एकटीला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हता. देवळात जायचं तर सून सिद्धेश्वरी बरोबर. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायची तरी सून बरोबर. शेवटी शनिवारी जेवणात भांडण झालं आणि पैज ठरली. गिरिजाबाईंनी रविवारी चालत निघायचं, सात रस्ता चौकापलीकडे धाकट्या बहिणीला, काशम्माला, शेंगाच्या चटणीचा डबा द्यायचा आणि बाराच्या आत चालतच परत यायचं. कुणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर पुढं मोकळीक. नाही जमलं तर एकटीनं बाहेर पडायचं नाव काढायचं नाही.

"जमंना तर फोन कर अव्वा," बनियन आणि अर्ध्या चड्डीवर पेपर वाचत बसलेला शिवू म्हणाला.

"मला काय धाड भरलीया?" असं म्हणून गिरिजाबाई डबा काखोटीला मारून निघाल्या.

मे महिन्याचं ऊन होतं. सकाळी दहालाच डांबर मऊ झालं होतं. सात रस्त्याच्या अलीकडं एका क्लासच्या दारात त्यांचा उजवा बूट रस्त्यानं धरला. त्यांनी ओढला, तर मागं तार लांबत आली. कुणीतरी मन लावून चघळलेलं च्युइंगम होतं, आणि उन्हानं त्याला नवा जोर आला होता. पुढं चालावं तर जत्रेतल्या पोरासारखा बूट दिसेल ते घ्यायला लागला. आधी चॉकलेटचा कागद घेतला, मग लग्नपत्रिकेचा कोपरा, मग उसाचं चिपाड.

"कुणाच्या तोंडातली घाण तू, आन मला अडवतोस?" गिरिजाबाई च्युइंगमला म्हणाल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं, फुटपाथच्या कडेला पाय टेकवला आणि घासत घासत चालू लागल्या.

समोर प्रभुलिंगचं किराणा दुकान होतं. प्रभुलिंग शिवूचा शाळेतला दोस्त. त्याला प्रत्येक रोग गिऱ्हाइकाच्या आधी समजायचा. त्यानं गिरिजाबाईंना पाहिलं आणि तूरडाळ तशीच तराजूत ठेवून फोन लावला.

"शिवू, अव्वाचा उजवा पाय वढतोय बग."

"आँ? तोंड बग, तोंड! वाकडं हाय का?"

"लई वाकडं हाय. आन एकटीच बोलायल्यात."

पलीकडून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

इकडं गिरिजाबाई चंद्रिकाच्या पायरीवर बसल्या होत्या. चंद्रिका ब्लाऊज शिवायची. तिचे नवऱ्याशी आणि मशीनशी तंटे कायम चालू असल्यानं तिला दुसऱ्याच्या अडचणीत मन रमवायला आवडायचं.

"द्या हिकडं, मी काडते," ती म्हणाली.

"हात लावायचा न्हाय! मदत घ्यायची न्हाय असं ठरलंय. तू निस्तं सांग."

चंद्रिकानं मोबाइल काढला. "बूट फ्रिजमदी ठेवा म्हनतंय."

"आन मी काय हितं एका पायावर उभारू? दुसरं बग."

"शेंगदान्याचं लोणी लावा म्हनतंय."

"शेंगदान्याला लोणी?" गिरिजाबाईंनी चष्मा सरळ केला. "शेंगदान्याची म्हस बगितलीस व्हय कुटं?"

"हितं लिवलंय तसं वाचले की मावशी. परदेशात मिळतंय म्हनं. त्येच्या तेलानं ह्ये सुटतंय."

गिरिजाबाईंनी काखेतल्या डब्याकडं पाहिलं. आत उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक शेंगाची चटणी होती. परदेशातल्या लोकांना जे दुकानातून आणावं लागतं, ते सोलापूरच्या बाईच्या काखेत असतं, एवढं त्यांना त्या क्षणी उमगलं. त्यांनी बूट काढून मांडीवर घेतला, मूठभर चटणी तळाला थापली आणि चंद्रिकाची लाकडी पट्टी न विचारता उचलून घासायला सुरुवात केली. पट्टी घेणं त्यांनी मदतीत धरलं नाही.

चटणीनं काम केलं. तेलानं च्युइंगम सैल झालं, कुटामुळं खरवडलं गेलं, आणि कागद, चिपाड, पत्रिका यांच्यासकट अख्खा गोळा निघून पायरीवर पडला. फक्त बूट लाल झाला होता. हात कोपरापर्यंत लाल झाला होता. तो लुगड्याला पुसल्यामुळं लुगडंही लाल झालं होतं.

तेवढ्यात शिवू आला. त्यानं स्कूटर चौकाच्या तोंडावरच आडवी टाकली आणि अनवाणी पळत सुटला. आई पायरीवर बसलेली. एक पाय उघडा. सगळीकडं लाल.

"रगत! रगत आलंय! अव्वा! कुणीतरी रिक्षा बोलवा!"

बघता बघता पंधरावीस माणसं जमली. एकानं पाणी आणलं. एकानं गिरिजाबाईंच्या नाकाला कांदा लावला. तिसरा म्हणाला, गाडीनं उडवलं, मी बघितलं, काळी गाडी होती.

"व्हा बाजूला!" गिरिजाबाई गरजल्या. "शिवू, हिकडं ये. आ कर."

"अव्वा, बोलू नगंस, डॉक्टर..."

गिरिजाबाईंनी लाल बोट त्याच्या तोंडात घातलं. शिवूनं डोळे मिटले. मग एक उघडला. मग हळूच बोट चाटलं.

"लसूण जरा जास्त झालाय," तो म्हणाला.

गर्दी निराश होऊन पांगली. काळी गाडी बघितलेला माणूस सगळ्यात आधी गेला. शिवू स्कूटरकडं वळला, तर तिथं स्कूटर नव्हती. वाहतुकीला आडवी गाडी म्हणून वाहतूक पोलिसांच्या टेम्पोनं उचलून नेली होती. डिकीत फोन होता. पाकीट घरी पँटीत होतं. आणि पायाखाली सोलापूरचं डांबर होतं.

"अव्वा, रिक्षा करू. पैसे घरी देऊ."

"तू कर. मी चालत आले, चालत जानार. न्हायतर म्हनशील, झेपलं न्हाय."

"माजं पाय भाजायलेत की!"

"मग सावलीसावलीनं ये."

शिवू एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत आईच्या मागं निघाला. बनियनमध्ये, पोट सावरत. काशम्माच्या घरी पोचल्यावर तिनं डबा उघडून पाहिला.

"अक्का, अर्दाच?"

"वाटंत लागली."

काशम्मानं शिवूच्या पायांकडं पाहिलं आणि न्हाणीतल्या गुलाबी रबरी चपला आणून दिल्या. टाच चार बोटं बाहेर राहत होती, पण शिवूनं त्या घातल्या.

परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना गिरिजाबाईंनी त्याचं मनगट धरलं. दोन वेळा त्याला सावलीत बसवलं. एकदा नळावर पाणी पाजलं. प्रभुलिंगनं दुकानातून हाक मारली, "शिवू, काय झालं रं? पाय का वढतोस?" शिवू खाली वाकला. चपलेचा पट्टा सुटला होता.

बाराला सहा मिनिटं कमी असताना दोघं दारात आले. सिद्धेश्वरी वाट बघत उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या चपला पाहिल्या, मग घामानं भिजलेलं बनियन, मग ओठाला लागलेली चटणी.

"अगं बया! आत्या, हे कुटं सापडले तुमाला?"

"सात रस्त्याला," गिरिजाबाई बूट सोडत म्हणाल्या. "गडबडून उभा होता. संगट घेऊन आले."

शिवू धापा टाकत उंबऱ्यावर बसला. गिरिजाबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मायेनं म्हणाल्या,

"लाजू नगंस बाळा. कुटं जायचं असंल तर मला सांगत जा. सोडून येत जाईन."