मयेकरकाका निकाल देतात

"तो मेला, ते मला दिसतंय. मी विचारतोय, मरायच्या आधी तो काही बोलला होता का?"

समीरच्या स्टेशनरीच्या दुकानात मी पेनाच्या रिफिली घ्यायला गेले होते, आणि हे वाक्य मागच्या खोलीतून आलं. आवाज वयस्कर, शांत, पंचनाम्याला आलेल्या हवालदाराचा असावा तसा. मी रिफिली हातात धरून तशीच उभी राहिले.

"कुठला बोलला! मी मारला तेव्हा गप्प होता," एक तरुण आवाज म्हणाला.

"बोलला होता, काका. आईशप्पथ," दुसरा तरुण आवाज म्हणाला.

"आईला मधे आणू नको. आई टेबलावर नाय. बोलला असेल, तर त्याचं बोलणं राहतं. ड्रॅगन मेला म्हणून त्याचा शब्द मरत नाय. आग पडणार, आणि तुझे सैनिक जळणार."

मी समीरकडे पाहिलं. तो कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स काढत होता. मान वर न करता म्हणाला, "ड्रॅगन मेलाय. दर रविवारी मरतो."

मी पडदा सरकवून आत डोकावले तर पत्ते खेळणाऱ्या पोरांच्या मधे, खुर्चीत आमच्या खालच्या मजल्यावरचे मयेकरकाका. आमच्या इमारतीचं नाव सागरकृपा. तिथून सागर दिसत नाही, आणि कृपा म्हणाल तर पाणी दिवसाआड येतं. जिन्यात काका भेटले की मी भिंतीकडे बघत बाजूला व्हायचे, इतकीच आमची ओळख. बोटीवर होते, बायको वारली, मुलगी मस्कतला, हे आईकडून कळलेलं. ड्रॅगनचं आईलाही माहीत नव्हतं.

काका बोटीवर स्टोअरकीपर होते. तिथल्या फिलिपिनो पोरांनी त्यांना हे पत्ते शिकवले. "जहाजावर दारू बंद, किनारा महिनाभर दिसायचा नाय, आणि रमी खेळायला चौथा माणूस कायम झोपलेला. मग माणूस करतो काय? ड्रॅगन पाळतो." हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एखादा राक्षस, जादूगार किंवा मंत्र असतो आणि खाली बारीक अक्षरात तो काय करतो ते लिहिलेलं. ज्याने त्याने आपला जुडगा जमवायचा आणि समोरच्यावर सोडायचा. गंमत अशी की तुम्ही मंत्र टाकलात, तरी तो लगेच लागू होत नाही. त्याआधी समोरचा मधे घुसून उत्तर देऊ शकतो. त्या उत्तरावर तुम्ही उत्तर देऊ शकता. मग भांडण.

कुठलं आधी लागू होणार, हे काका नव्या पोरांना एकाच वाक्यात शिकवत. "टेम्पोत शेवटी चढवलेली आंब्याची पेटी पहिली उतरते." रत्नागिरीच्या पोराला यापुढे काही सांगावं लागत नाही.

निकाल द्यायची त्यांची एक रीत होती. आधी दोघांचे हात टेबलाखाली. मग चष्मा पुसणे. मग पत्त्यांना बोटही न लावता, पाठीमागे हात बांधून टेबलाभोवती एक प्रदक्षिणा. आणि मग तो प्रश्न. "आधी काय झालं?" पोरं सांगू लागत की काका, माझ्याकडे इतके पॉइंट होते आणि ह्याने चिटिंग केली. "तू जिंकत होतास का हरत होतास, ते मी विचारलं नाय. तुला राग आला, तेही मला दिसतंय. आधी काय झालं?" अर्ध्या भांडणांत हे ऐकूनच एक जण गप्प बसे.

हे खोलीपुरतं राहतं तर ठीक होतं. पण काकांना सगळी रत्नागिरी हाच एक डाव वाटे. मासळी बाजारात दोन बायकांनी एकाच वेळी एका सुरमईवर हात ठेवला, तेव्हा काका मधे पडले. हात आधी कुणी लावला याला अर्थ नाही, भाव आधी कुणी विचारला ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. मासे विकणारी मावशी कोयता टेकवून म्हणाली, "काका, सुरमय सकाळीच मेली हा. तुमचा निकाल लागेस्तवर वास मारेल."

"मरायच्या आधी..." काका सुरू झाले, आणि मावशीने सुरमई तिसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातली.

एसटीची गोष्ट माझ्या बाबांनी डोळ्यांनी पाहिलेली. पालीला लग्नाला चालले होते, काकाही त्याच गाडीत. एकाने बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तो दारातून आत येईपर्यंत दुसरा रुमालावरच बसला. काका उठून उभे राहिले. रुमाल ही घोषणा आहे आणि बसणं ही कृती आहे. घोषणा झाल्यावर दुसऱ्याला मधे घुसता येतं, कबूल, पण रुमालवाल्याला उत्तर द्यायची संधी मिळाली का? नाय मिळाली. म्हणजे तुम्ही अजून बसलेलेच नाय, उठा. तो माणूस चक्क उठला. मग रुमालाचं उत्तर काय असू शकतं यावर तिघांची चर्चा हातखंब्यापर्यंत चालली. तिथे चढलेली एक बाई त्या जागेवर बसली आणि पालीला उतरली. काकांची स्वतःची जागाही तोवर गेली होती.

मी त्या खोलीत जाऊ लागले त्याचं कारण साधं होतं. मी घरून काम करते, गावात परत आलेली आहे आणि लग्नाची आहे. अशा मुलीच्या समोर तासभर बसून तिला कुणी एकही प्रश्न विचारणार नाही, अशी जागा रत्नागिरीत दुसरी नव्हती. तिथे सगळे पत्त्यांकडे बघतात.

पण बोलावं लागणार हे मला माहीत नव्हतं. या खेळात समोरच्याने चाल केली की तुम्हाला मधे काही करायचं नसेल तर 'पास' म्हणायचं असतं. पोरं हूं करतात, हात झटकतात. मी मान हलवायचे. पहिल्याच दिवशी काकांनी डाव थांबवला.

"गो बाय, मान हलवलीस ती हो म्हणून, की माशी बसली म्हणून?"

मी परत हलवली.

"आता दोन माशा झाल्या. तोंडाने सांग."

पोरं हसली. माझे कान तापले. इतर कुणाचं हूं त्यांना चालायचं, असं नाही. सगळ्यांना हाच जाच. "गप्प बसला म्हणजे पास केलं, असं समजायचं नाय. माणूस शंभर कारणांनी गप्प बसतो. विचारा. परत विचारा." हळूहळू मी 'पास' म्हणायला शिकले. पुढे कधीतरी 'थांबा' पण. आईला वाटलं की मला मीटिंगांमुळे कंठ फुटला.

एक गोष्ट सांगायची राहिली. एवढे नियम तोंडपाठ असलेला हा माणूस खेळायचा मात्र भयंकर. दर वेळी हरायचा. त्यांचा ड्रॅगन तर पोरांना पाळीव झाला होता. आणि त्यांच्या स्वतःच्या डावात वाद निघाला की ते खुर्चीतून उठून उभे राहात आणि हातात येईल त्याला पंच करत. एकदा झेरॉक्स काढायला आलेल्या शाळामास्तरांना पकडलं. मास्तरांनी काहीच न समजता काकांच्या विरुद्ध निकाल दिला. काका म्हणाले, "चूक आहे. पण मान्य."

"चूक आहे तर मान्य कशाला?" ओंकार नावाच्या भडक डोक्याच्या पोराने विचारलं. तो जिंकला होता तरी त्याला राग आला होता.

"आपल्या डावात आपल्याला नीट दिसत नाय, म्हणून."

शिमगा आला. रविवारी दुपारी मी गेले तर खोली रिकामी. पोरं आपापल्या गावी पालखी नाचवायला गेलेली. समीर पुढे काउंटरवर डोकं टेकून पेंगत होता. काका उशिरा आले. पत्ते आणले नव्हते. समोर बसले, उठले, पंखा वाढवला, परत बसले.

"तुला एक निकाल द्यायचाय."

"मी?"

"डाव माझा आहे. मला देता येत नाय."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि पत्ता सरळ करावा तसा दोन बोटांनी सरळ केला. पडद्यावर 'दादा' असं नाव होतं. सकाळचा मिस्ड कॉल.

"बघ. ही चाल आहे, की नुसता हात लागला?"

मला काही कळेना. मग त्यांनी सवयीप्रमाणे डाव मांडला.

"समज, दोन खेळाडू. सख्खे भाऊ. पूर्णगडाच्या बाजूला गाव, एकच घर, एकच अंगण. शिमग्यात पालखी अंगणात येते तेव्हा देवाला नारळ द्यायचा मान थोरल्याचा. कळलं? आता पालखी आली. गुरवाने विचारलंन..."

"गुरव म्हणजे ह्या डावात कोण?"

"पंच समज. त्याने विचारलंन, नारळ कोण देतो? थोरला गप्प. परत विचारलंन. थोरला गप्पच. पालखीखालची माणसं घामाघूम, ढोलवाले थांबलेले. धाकटा सुट्टीवर आलेला, त्याला वाटलं की ह्याने पास केलं. त्याने नारळ पुढे केलान."

"मग?"

"मग काय. आई जाऊन वर्ष झाल्यावरचा तो पहिला शिमगा. ओटी भरायला आई नाय, ते बघून थोरल्याचा गळा दाटला होता. शब्दच फुटत नव्हता त्याचा. आणि धाकट्याने गावासमोर त्याचा मान घेतलान." काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "दादा एवढंच म्हणाला, तुला बोटीवरची घाई. तेव्हापासून बोलला नाय. मग मीपण नाय."

माझी मान हलवणं त्यांना का चालत नव्हतं, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

उद्या त्यांच्या घरी पालखी होती. दर शिमग्याला काका पूर्णगडची गाडी पकडतात हे मला माहीत होतं. आम्हाला वाटायचं की गावी सणाला जातात. "वाडीत जात नाय मी," ते म्हणाले. "पुलावर उभा राहतो. तिथे ढोल ऐकू येतो. पालखी आमच्या अंगणात आली की ढोल बदलतो, ते कळतं मला. मग परतीची गाडी."

मग ते पुन्हा मोबाइलकडे वळले आणि पंचाच्या आवाजात बोलू लागले. तो आवाज त्यांना नीट जमत नव्हता. "एकच रिंग आहे. एका रिंगेत माणूस काय सांगणार? फोन नवा आहे त्याचा, मुलाने मुंबईहून पाठवलान असं ऐकलं. बोटं जाड. यादीत मयेकरांची ही रांग. समज, हात लागला. मी उलट फोन केला, आणि तो म्हणाला, चुकून लागला, ठेव. मग उद्या मी पुलावर तरी कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"आणि चुकून नसेल तर?"

"तर तो सकाळपासून वाट बघतोय. आणि मी गप्प आहे. म्हणजे त्याला वाटणार, ह्याने पास केलं."

काका टेबलाकडे बघत निकालाची वाट बघत होते. हरलेला डाव मान्य करताना ते जसे बसत, तसे बसले होते. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं, मास्तरांचं ऐकलं तसं, आणि त्याचीच मला भीती वाटली. एका रिंगेवरून मी काय सांगणार होते? खेळात समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नसेल, तर त्याला विचारतात. पण विचारायचं म्हणजे फोन, आणि मी गॅसवाल्यालाही फोन करत नाही. आई करते.

मी मोबाइल उचलला, त्या नावावर बोट ठेवलं आणि स्पीकर लावला.

"अगो..." काका अर्धवट उठले आणि तसेच टेबलाची कड धरून उभे राहिले.

दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. "हॅलो," कुणीतरी म्हणालं. आवाज हुबेहूब काकांचा, फक्त जास्त खरखरीत. मी मोबाइल काकांपुढे धरला. त्यांनी मान हलवली. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"हॅलो? कोण हाय?" मग जरा थांबून, हळू, "कोण बोलतंय?"

मी मोबाइल आम्हा दोघांच्या मधे, टेबलाच्या वर धरला आणि म्हणाले, "सकाळी तुमचा फोन आला होता. तुमचे भाऊ इथे माझ्यासमोर उभे आहेत. पण थोरले तुम्ही आहात, आधी तुम्ही बोला."