चौबळांची मासळी-उद्वाहिनी

नालासोपारा पश्चिमेच्या एका चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, २००२ सालच्या एका सोमवारी सकाळी, चंद्रहास चौबळ यांनी चहाचा कप बशीत ठेवून जाहीर केले की, महिनाअखेरीपासून या घरातील कोणालाही मासळीसाठी जिना उतरावा लागणार नाही.

घरात माणसे दोनच होती, आणि मासळीसाठी जिना उतरत असे ती एकटी लतिका. तिचे गुडघे कुरकुरू लागले होते, डॉक्टरांनी जिना कमी करायला सांगितले होते, आणि अर्नाळ्याची कोळीण फिलोमिना मात्र रोज नऊ वाजता पाटी घेऊन फाटकापाशीच बसत असे. चंद्रहासरावांची एकतीस वर्षे एका कारखान्याच्या आरेखन विभागात गेली होती. त्यांनी हजारो यंत्रांचे सुटे भाग रेखाटले, पण अख्खे यंत्र एकही त्यांच्या नावावर नव्हते. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा टेबलावर होते ते एका झडपेचे झाकण. आता एकदा तरी अथपासून इतिपर्यंत आपले असे काही घडवावे, आणि ते लतिकेसाठी घडवावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

"पण मी खाली गेले तर बिघडतं कुठे?" लतिका म्हणाली.

"भावना बाजूला ठेव. आधी समस्येची व्याख्या."

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले : 'मासळी खाली आहे. गिऱ्हाईक वर आहे.' ही व्याख्या त्यांना इतकी निर्दोष वाटली की त्यांनी ती पट्टी लावून अधोरेखित केली. मग पर्याय मांडले. पहिला, तळमजल्यावर घर घेणे. दुसरा, मासळी सोडणे. हा लिहून होताच त्यांनी खोडून टाकला. तिसरा, यंत्र.

पुढचे अकरा दिवस लतिका मासळी घेऊन दारात आली की ते तिला उंबऱ्यावरच थांबवून पिशवीचे वजन घेत. गॅलरीतून घड्याळ लावून पाहता त्यांच्या लक्षात आले की ती खाली सरासरी पस्तीस मिनिटे लावते, आणि त्यांतली मासळी निवडण्यात जेमतेम चार जातात. उरलेल्या एकतीस मिनिटांपुढे त्यांनी 'अपव्यय' असे लिहिले.

यंत्र तयार झाले. गॅलरीच्या कठड्याला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराच्या एका टोकाला टोपली आणि दुसऱ्या टोकाला तिचा भार तोलणारे वजन. टोपलीसकट मासळीची सरासरी पावणेदोन किलो भरली होती. घरात तंतोतंत पावणेदोन किलोची वस्तू एकच निघाली, ती म्हणजे वरवंटा.

"मग वाटण कशावर वाटू?" लतिकेने विचारले.

"प्रगतीला थोडी झळ सोसावी लागते."

पहिल्या दिवशी त्यांनी टोपली खाली उतरवली आणि मुठीने दोर अडवून ठेवला. लतिकेने वरून चारच बोंबील मागितले. सरासरी या शब्दाशी बोंबलांचा काहीही परिचय नव्हता. मूठ सोडताच वरवंटा सरसर खाली गेला, टोपली बाणासारखी वर आली, कप्पीवर आपटली आणि चारही बोंबील आकाशमार्गे निघून गेले.

खाली फिलोमिनाच्या नाकापासून वीतभर अंतरावर वरवंटा झुलत होता. ती जागची हलली नाही.

"दादा, ह्यो इकायला काढला काय?"

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरून शाकाहारी विनिता जोगळेकरचा शांत आवाज आला, "काका, तुमचं काहीतरी आमच्या सांडग्यांवर वाळत पडलंय."

चंद्रहासरावांनी वहीत लिहिले, 'सुधारणेस वाव.' त्यांनी सायकलचा ब्रेक जोडला. तो उत्तम चालला, फक्त प्रत्येक वेळी नेमका जोगळेकरांच्या दुसऱ्या मजल्यावर लागू लागला. टोपली आपल्या गॅलरीपाशी थांबते म्हटल्यावर विनिताने एकदा मोलकरणीसाठी किल्ली तीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी इस्त्रीचे कपडे सोडले. आठवड्याभरात इमारतीतले कोणीच कशासाठीही खाली उतरेनासे झाले. विनिताच्या देवाला कोलंबी पोहोचली आणि चौबळांच्या कढईशेजारी जास्वंदीची फुले. विनिताने कोलंबी चिमट्यात धरून परत पाठवली आणि फुलांची पावती मागितली. जिन्यात वेळापत्रक लागले. चंद्रहासराव सकाळी सातपासून अकरापर्यंत दोर ओढत होते, आणि त्यांना आयुष्यात इतके महत्त्व कधीच आले नव्हते.

लतिका मात्र गॅलरीत बसून खाली पाहत असे. फाटकापाशी आता फिलोमिना आणि तिची पाटी, एवढेच होते.

एका शुक्रवारी टोपली खाली गेली ती रिकामीच राहिली.

"लतिकाबाय," फिलोमिनाने खालून हाक मारली, "उंद्यापासून मी पलीकडच्या बिल्डिंगला बसनार. टोपलीचं तोंड बघून मासली कापत नाय मी. मानूस लागते."

रिकामी टोपली वर ओढून चंद्रहासराव दोर धरून वळले. लतिका उठली होती. तिने स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आणले, दोराची टोपली सोडली आणि त्या जागी स्टूल बांधले.

"हे खाली सोडा."

"आणि तू?"

"मी जिन्याने."

"तुझे गुडघे?"

"उतरताना नाही दुखत हो. खाली अर्धा तास उभं राहून दुखतात. एकदा विचारायचं होतंत."

वहीत विचारण्यासाठी रकाना नव्हता. चंद्रहासरावांनी मूठ सैल केली. स्टूल दुसऱ्या मजल्यावर अडले नाही, कुठे आपटले नाही. हंसासारखे तरंगत उतरले आणि फिलोमिनाच्या शेजारी अलगद टेकले. त्याचे वजन बरोबर पावणेदोन किलो होते. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांचे अख्खे यंत्र चालले होते.

लतिका खाली पोहोचली, बसली, आणि दोघींनी इतक्या दिवसांची थकबाकी बोलायला घेतली. अपव्यय जोरात सुरू झाला. थोड्या वेळाने फिलोमिनाने मान वर केली.

"दादा, मशीन झकास हाय. आता दोन कप चाय सोडा."

चंद्रहासराव अभिमानाने स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांनी ते रिकामे भांडे घेऊन गॅलरीत परत आले आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने खाली वाकले.

"अगं, साखर कुठे असते?"

लतिकेचे लक्ष नव्हते. चौथ्या मजल्यावर कधीही पाऊल न ठेवलेल्या फिलोमिनाने बोंबलाची मान उडवता उडवता उत्तर दिले,

"वरच्या फलीवर, निल्या झाकनाचा डबा. बाजूचा उघडू नका, त्यात मीठ हाय."

तिथेच होती.