पाणीपुरवठा खात्याची वाइन परीक्षा

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद रिकामं झालं असून त्यासाठी माझ्या आईचं नाव विचाराधीन आहे, असं पत्र आमच्या घरी रीतसर आलं. पत्राला एक जोडपत्र होतं. त्यात एकच ओळ होती: 'उमेदवारास वाइन चाखता येणे आवश्यक.'

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली, कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, "आता नळाला वाइन सोडणार आहेत का?"

तसं काही नव्हतं. खात्यात नवे साहेब आले होते. ते सहा आठवड्यांचं कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांचं ठाम मत होतं की पाणी काय, कुणीही तपासतं. अधिकारी ओळखायचा तो पाहुण्यांच्या पंगतीत. बाहेरून शिष्टमंडळं येतात, हातात पेले येतात, आणि अशा वेळी आपला माणूस नुसताच 'छान आहे' म्हणाला तर खात्याची लाज जाते. म्हणून शनिवारी सकाळी अकरा वाजता गावाबाहेरच्या वायनरीत दोन्ही उमेदवारांची 'आस्वाद-क्षमता चाचणी' घेण्यात येईल. गुण वीस. कुटुंबीयांना आणण्यास हरकत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीस द्राक्षाचा रस मिळेल. ही व्यक्ती म्हणजे मी.

दुसरे उमेदवार होते इस्त्रीकाका. त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, कारण समोर आले की पँटची घडीच आधी दिसते. अकरा वर्षं ते प्रयोगशाळेत आहेत आणि अकरा वर्षांत त्यांनी परीक्षानळीला हात लावलेला नाही, बाही भिजेल म्हणून. आई तिथे एकोणीस वर्षं आहे. एक घोट घेऊन ती सांगते की पाणी कुठल्या टाकीचं, टाकी कधी धुतली आणि धुणाऱ्याने कुठला कोपरा सोडला. एकदा तिने चवीवरून सांगितलं होतं की तिसऱ्या टाकीत कुणाची तरी किल्ली पडली आहे. शोधलं, तर दोन निघाल्या.

"ही जागा त्यांना गेली ना," आई म्हणाली, "तर मी म्हणायचं पाणी खराब आहे, आणि ते म्हणणार बघू सोमवारी. तोवर लोक पीत बसतील."

पगाराचं ती काही बोलली नाही. तिचा जीव टाक्यांत अडकला होता.

"मग शिक की वाइन," मी म्हणाले. "मी आहे ना!"

मी दहावीत आहे, आणि न समजलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल दीड पान लिहू शकते. मागच्या सहामाहीत कवितेचं सौंदर्य उलगडून दाखवायला सांगितलं होतं. दहापैकी नऊ मिळाले, आणि कविता मी वाचलीच नव्हती! पद्धत सोपी आहे. तीन विशेषणं, एक निसर्गचित्र, आणि शेवटी 'मनात दीर्घकाळ रेंगाळत राहते'. कुठे रेंगाळते, किती वाजेपर्यंत, असं तपासणारे कधीच विचारत नाहीत. वाचनालयात वाइनवरचं एक पुस्तक मिळालं. ते वाचताना मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाइनवर लिहिणारी ही सगळी माणसं आमच्याच शाळेत शिकलेली होती.

घरी सराव सुरू झाला. थंड केलेला कोरा चहा, तीन ग्लास.

"काय जाणवतंय?" मी विचारलं.

"चहा."

"आई! चहाला चहा म्हणालीस की गुण गेले. पुन्हा."

आईने पुन्हा घोट घेतला. "चहाच आहे. पातेलं नीट घासलेलं नाही."

बाबांचा चेहरा उतरला. पातेलं त्यांनी घासलं होतं.

"असं नाही म्हणायचं. म्हणायचं, धातूची एक लाजरी छटा."

"लाजरी?"

"लाजरी. आणि मग जरा वेळ खिडकीबाहेर बघायचं."

"खिडकीबाहेर काय आहे?"

"काहीच नाही गं! पण बघायचं."

शुक्रवारपर्यंत आईला 'ओल्या पाचोळ्याची चाहूल' न अडखळता म्हणता येऊ लागलं. म्हणून झालं की ती रुमालाने तोंड पुसायची, एवढाच दोष राहिला.

वायनरीतल्या खोलीत दगडी फरशी होती, लांबलचक टेबल होतं आणि भिंतीशी लाकडी पिंपं फोटोला बसवल्यासारखी ओळीने मांडली होती. माहिती सांगायला एक ताई होत्या. त्या सगळंच हसून सांगायच्या, हात धुवायची जागासुद्धा. "बघा, फिरवा, हुंगा, चाखा, थुंका," त्या म्हणाल्या आणि टेबलावर एक चकचकीत बादली ठेवली.

"थुंकायचंच होतं तर गाडी करून कशाला आलो?" बाबा माझ्या कानात म्हणाले.

छापील तक्ते वाटण्यात आले. उमेदवारांनी भरायचेच, शिवाय साहेबांनी आणि साक्षीला आणलेल्या आठ कर्मचाऱ्यांनीही. याला पारदर्शकता म्हणतात, असं साहेबांनी समजावून सांगितलं.

पहिला पेला पांढऱ्या वाइनचा. इस्त्रीकाकांनी डोळे मिटले. "हिरवं सफरचंद. आणि मागून हळूच... बालपण."

"वा! कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझंच, साहेब."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. आईची पाळी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. "ओल्या पाचोळ्याची चाहूल," ती म्हणाली, डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगावं अशा आवाजात. पण साहेबांची मान डोलली. दुसऱ्या पेल्यात काकांना चामड्याचं नवं पाकीट सापडलं, आईला लाजरा धातू. दोघं बरोबरीत.

तिसरा पेला वायनरीचा मानबिंदू होता. सगळ्यांत जुन्या पिंपाला नळी लावून ताईंनी तो ओतला. रंग फिकट गुलाबी, वर किंचित फेस. साहेबांनी आधी चाखला. चाखला काय, गिळलाच. बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"अप्रतिम! काय खोली आहे!"

"साहेब, मी निःशब्द आहे," इस्त्रीकाका म्हणाले आणि चार मिनिटं बोलले. त्यात डोंगरावरची पहाट आली, नुकतंच न्हायलेलं बाळ आलं आणि फेसाचा अवखळपणा आला. आठ कर्मचारी मग खुर्च्यांच्या क्रमाने निःशब्द झाले.

आईने घोट घेतला आणि लगेच बादलीत थुंकला. तिचा चेहरा एकदम कामावरच्यासारखा झाला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पेन उचललं आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला. मी डोकावले. तक्त्यावर लिहिलं होतं:

'रंग: फिकट गुलाबी. वास: रबरी नळीचा. चव: धुण्याचा सोडा. द्राक्ष: आढळले नाही. शेरा: पिऊ नये. नळी पुन्हा धुवावी.'

"अगं, हे काय लिहिलंस!" मी कुजबुजले.

"आहे ते."

"साहेब अप्रतिम म्हणालेत, आई."

"साहेबांनी गिळलंय," आई काळजीने म्हणाली. "त्यांना सांगायला हवं." मग तिने ताईंना हळूच जवळ बोलावलं. "अहो ताई, आज सकाळी नळी धुतली होती का?"

ताईंचं हसू तसंच राहिलं, फक्त रंग गेला. त्या पिंपामागे जाऊन वाकल्या, परत आल्या. "मॅडम, पिंपाची तोटी बंदच होती. नळीत सकाळचं धुवण राहिलं होतं, मी तेच ओतलं." त्यांनी हळूच साहेबांकडे पाहिलं. "माझी नोकरी जाईल हो."

तेवढ्यात साहेबांनी त्याचाच आणखी एक पेला मागितला.

आईने चटकन टेबलावरच्या तांब्यातलं साधं पाणी त्यांच्या पेल्यात ओतलं. "साहेब, आधी हे घ्या. दोन पेले घ्या."

"ही कुठली?"

"ही... साधीच आहे."

"साधेपणाच तर अवघड असतो," साहेब म्हणाले आणि दोन्ही पेले प्यायले. आईचा जीव भांड्यात पडला. तिने पुन्हा तक्त्याकडे पाहिलं.

आता सगळं माझ्यावर होतं. "आई, हे असंच दिलंस तर साहेब आणि नऊ माणसं सोडा पिऊन निःशब्द झाली असं कागदावर येईल. मग जागा काकांची, आणि टाक्या देवाच्या. त्यापेक्षा आज एकदा खोटं लिही. पुढे रोज खरं लिहायला मोकळी!"

हा युक्तिवाद मला इतका सुंदर वाटला की मी मनातल्या मनात स्वतःला दहापैकी दहा दिले.

आईने तक्ता पुढ्यात ओढला. मग तिने विचारलं, "सोड्याला काय म्हणतात तुमच्यात?"

"खनिज शुचिता."

"आणि रबराला?"

"लवचीक शेवट."

तिने आधीचं खोडलं. इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. साहेबांना ते भोकही आवडलं. अभिव्यक्तीची तीव्रता, म्हणाले.

आईला एकोणीस गुण पडले, काकांना अठरा. निःशब्दतेत इतरांनी त्यांची नक्कल केल्याने एक गुण गेला. ताईंची नोकरी राहिली. भरलेले तक्ते वायनरीच्या मालकांनी वाचले आणि महिन्याभरात धुवणाच्या बाटल्या 'शुचिता' नावाने विकायला काढल्या. त्या आता आगाऊ मागणी नोंदवल्याशिवाय मिळत नाहीत.

आई प्रमुखाच्या खुर्चीत बसली आणि पहिल्याच दिवशी तिने खरं लिहिलं: 'टाकी क्रमांक दोन. तळाशी गाळ.' अहवाल तासाभरात परत आला. साहेबांनी लाल शाईने विचारलं होतं, 'ज्या हाताने खनिज शुचिता लिहिली, त्याच हाताने गाळ? आपणांस ही जागा भाषेसाठी देण्यात आली आहे.' सोबत आदेश होता. यापुढे रोज सकाळी 'जल-आस्वाद पत्रक' काढून प्रत्येक गल्लीच्या फलकावर लावावे, जेणेकरून नागरिकांची अभिरुची उंचावेल. आणि टाक्या धुण्याचे आदेश नागरिकांच्या तक्रारी पाहूनच निघतील.

"मला नाही जमायचं असलं," आई म्हणाली.

म्हणून ते माझ्याकडे आलं. शाळेला जायच्या आधी आई मला खरं सांगायची आणि मी ते सजवायचे. गाळ आला की 'भूमीशी नातं सांगणारं'. गंज आला की 'लोहाचा करारी स्वर'. एकदा पिवळं पाणी आलं तेव्हा मी जे लिहिलं, ते वाचून बाबांनाच तहान लागली. आणि लोक! फलकापाशी गर्दी व्हायची, मुलं पाठ म्हणून दाखवायची. पाण्याच्या तक्रारी आठवड्याभरात शून्यावर आल्या. आई दर संध्याकाळी तक्रारपेटी उघडून आत हात फिरवून बघायची. तक्रारच नाही म्हटल्यावर टाक्या धुणारी माणसं उद्यान खात्यात पाठवण्यात आली. पहिल्या टाकीखालच्या लोकांनी तर एकशे बारा सह्यांचा अर्ज दिला, की आमच्यावरच अन्याय का, आम्हालाच का बेचव, रंगहीन पाणी?

असे चार महिने गेले. परवा मंगळवारी भल्या सकाळी आई प्रयोगशाळेतून धावतच घरी आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"चौथ्या टाकीत काहीतरी मेलंय."

मी पेन उचललं. "थांब हं. गडद... प्राणिज... जिभेवर दीर्घकाळ..."

"आण ते इकडे," आई म्हणाली. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'चौथ्या टाकीचे पाणी पिऊ नका. टाकीत कबूतर मरून पडले आहे. प्रयोगशाळा प्रमुख.'

"साहेबांना विचारलंस?"

"नाही. आणि तुलाही विचारत नाहीये."

बाबा डिंकाची बाटली घेऊन तिच्या मागोमाग गेले. दोघांनी मिळून चौथ्या टाकीखालच्या प्रत्येक फलकावर तो कागद चिकटवला. मला इतका राग आला! एक विशेषण नाही, एक निसर्गचित्र नाही. कबूतर आहे, पण तेही मेलेलं.

दुपारी तक्रारपेटीत एक पाकीट निघालं. चार महिन्यांतलं पहिलं. आईने ते उभ्या उभ्याच फोडलं. "बघ," ती मला म्हणाली, "वाचलं लोकांनी. आता टाकी धुवावीच लागेल." आणि तिने ते मोठ्याने वाचलं:

'महोदया, आजचे पत्रक अत्यंत रुक्ष वाटले. पूर्वीची गंमत नाही. कबुतराचा उल्लेख तर विरस करणारा आहे. कृपया हे लेखन पूर्वीच्याच व्यक्तीकडे सोपवावे. बाकी आजच्या पाण्याला काही वेगळीच रंगत आहे, सकाळपासून तीन ग्लास झाले.'

आईने कागदाची घडी घातली. तो माझ्याकडे दिला. खाली सही होती, पत्ता होता. दोन्ही तुमचेच.

आई विचारतेय, पोट कसं आहे?