चौथ्या सीझनची बाजू

दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत डबे उघडले होते, तेवढ्यात नुकतीच आई झालेली सहायिका म्हणाली, "मला तर चौथा सीझन सगळ्यांत जास्त आवडला."

कवळीवाले काका चावायचे थांबले. काका दवाखान्यासाठी कवळ्या करायचे. प्लॅस्टरने त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे असत आणि जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल त्यांना काही म्हणायचं नसे. पण 'सात जिने' ही मालिका त्यांनी पहिल्या भागापासून पाहिली होती. काउंटरवरच्या ताईंनी तर चमचाच खाली ठेवला.

"चौथा?" ताई म्हणाल्या. "ज्यात ते हॉटेल बंद पडतं तो?"

"हो."

"ज्यात भाऊ-बहीण दोघंच रिकाम्या इमारतीत राहतात आणि काहीही होत नाही, तो?"

"होतं ना ताई. आतून होतं."

"तीन सीझन नुसती कारस्थानं," ताई काकांकडे वळून म्हणाल्या, "थोरला भाऊ सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढतो, आपण श्वास रोखून बसलोय, आणि चौथ्यात काय? गळकी टाकी."

इथे गप्प बसणं शहाणपणाचं होतं, हे सहायिकेला कळत होतं. बाळंतपणाची रजा संपून तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. पुढच्या महिन्याचा पाळ्यांचा तक्ता ताईच लिहिणार होत्या, आणि तिला सकाळी आठ ते दोनची पाळी हवी होती. हवी म्हणजे, त्यावाचून भागणार नव्हतं. बाळ सासूबाईंजवळ राहायचं आणि सासूबाईंचा शिवणवर्ग तीनला सुरू व्हायचा. दुपारची पाळी मिळाली तर बाळाला कुणाकडे ठेवायचं, याचं उत्तर घरात कुणाजवळच नव्हतं. दुसऱ्या सहायिकेला कुठलीही पाळी चालत होती. म्हणजे सगळं ताईंच्या मर्जीवर होतं.

हे सगळं माहीत असून ती म्हणाली, "सहावा भाग आठवा, ताई. दोघं जिन्यात बसलेली असतात. तो कितीतरी वेळ काही बोलतच नाही. आणि मग विचारतो, 'तू जेवलीस का?' बस. एवढंच. आणि ती रडायला लागते. तीन सीझनची माफी आहे हो त्या तीन शब्दांत."

काका हळूच म्हणाले, "असं म्हणतो तो?"

"अजिबात नाही म्हणत," ताई म्हणाल्या. "मी तो सीझन दोनदा बघितलाय. दुसऱ्यांदा फक्त चुका मोजायला. हे वाक्य त्यात नाही."

"आहे, ताई."

"नाही."

"मी शपथेवर सांगते."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "ठीक आहे. उद्या सांग मला, कितव्या मिनिटाला आहे ते. वाक्य असलं तर सकाळची पाळी तुझी. नसलं तर दुपारची घ्यायची, आणि पुन्हा ह्या खोलीत चौथ्या सीझनचं नाव काढायचं नाही. काका, तुम्ही साक्षीदार."

काकांनी पांढरा हात वर केला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि बाळ बापाच्या मांडीवर खेळत होतं, तेवढ्यात तिने सहावा भाग लावला. सव्विसाव्या मिनिटाला दोघं जिन्यात येऊन बसली. भाऊ गप्प. बहीण गप्प. मग भावाने मान वळवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "वरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद केलास का?"

बहीण म्हणाली, "राहिला," आणि रडायला लागली.

सहायिकेने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. वॉल्व्हच.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "पण तू तर हा सीझन आवाज बंद करून बघितलास ना? बाळ खांद्यावर झोपायचं आणि कशानेही उठायचं तेव्हा?"

तिने डोळे मिटले. खरंच की. दीड महिनाभर रोज दुपारी बाळ तिच्या खांद्यावर झोपायचं. हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि समोर तो भाऊ आणि ती बहीण रिकाम्या घरात हळूहळू वावरायची. आवाज बंद होता ही गोष्ट ती साफ विसरून गेली होती, कारण तिला सगळं ऐकू आलं होतं. शेजारी सासूबाई लंगोटांच्या घड्या घालता घालता कुजबुजत विचारायच्या, "काय म्हणतोय गं तो?" आणि ती कुजबुजत सांगायची.

"जेवलीस का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "का मघापासून टीव्हीसमोरच?"

ते वाक्य कुठून आलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. पण कितव्या मिनिटाला, हे त्यावरून काही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ताईंपुढे सरळ कबुली दिली. ताईंनी विजयी चेहरा केला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी फक्त तक्ता पुढे ओढला आणि तिच्या नावापुढे निळ्या शाईने 'दुपार' लिहिलं. "वॉल्व्ह," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी मान हलवली. सहायिका आत गेली. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ कवळीचं माप द्यायला बसले होते. तिने लगदा कालवून साच्यात भरला, डॉक्टरीणबाईंनी तो त्यांच्या तोंडात बसवला आणि त्या फोनवर बोलायला गेल्या. "तीन मिनिटांनी काढ गं," जाताना त्या म्हणाल्या.

त्याच वेळी बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"पाळ्या कोण लिहितं इथे?"

सहायिका दारापर्यंत धावली. सासूबाई कडेवर बाळ घेऊन काउंटरसमोर उभ्या होत्या. त्यांच्या मुलाने पैजेचं सांगितलं होतं, वॉल्व्हचं सांगायला तो विसरला होता.

"मी लिहिते," ताई म्हणाल्या. "आपण?"

"मी साक्ष द्यायला आलेय. तो भाऊ 'तू जेवलीस का' असंच म्हणतो. मी शेजारी बसून ऐकलंय."

"आजी, तो म्हणतो, 'वॉल्व्ह बंद केलास का.'"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "आई, आवाज बंद असायचा ना. मीच सांगत होते तुम्हाला."

"बंद?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, तुझे कान तीक्ष्ण आहेत."

बाकावर बसलेल्या पेशंटांपैकी कुणीतरी हसलं. ताईंनी तक्ता मिटला. प्रकरण तिथेच संपायचं, पण सासूबाईंनी बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "मग ती रडते कशाला?"

"म्हणजे?"

"वॉल्व्ह राहिला म्हणून कुणी रडतं का? आमच्या घरी कितीदा राहिलाय. मी नाही रडले."

काका आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. "हा मुद्दा आहे," ते म्हणाले.

"तेच तर मी वर्षभर सांगतेय," ताई म्हणाल्या. "कशाला कशाचा मेळ नाही, म्हणून तो सीझन वाईट."

"सीझन चांगला आहे. त्यात ते बोलतात चुकीचं," सासूबाई म्हणाल्या. "आता चौथ्या भागातलंच घ्या. ती बंद खोलीचं कुलूप उघडते, तेव्हा तो दारातून काय म्हणतो?"

"फ्यूज आणायला सांगतो."

"फ्यूज नाही हो. तो म्हणतो, 'तुझी खोली मी कुणालाच दिली नाही.'"

ताई काहीतरी बोलणार होत्या. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "मग ती काय म्हणते?"

सासूबाईंनी सुनेला खूण केली. सून सांगू लागली. बहीण काय म्हणते, भाऊ त्यावर काय म्हणत नाही, आणि कुलूप हातात धरून ती तशीच का उभी राहते. बाकावरची माणसं पुढे सरकून बसली. ताईंच्या हातातला फोन दोनदा वाजून थांबला. बाळाने तक्त्याचा कोपरा तोंडात घातला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तो ठसा काढला का कुणी?" आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

ठसा काढला नव्हता. चौदा मिनिटं झाली होती आणि लगदा दगडासारखा घट्ट बसला होता. गृहस्थ दोन्ही हातांनी खुणा करत होते. डॉक्टरीणबाईंनी एका बाजूने हलवलं, सहायिकेने दुसऱ्या बाजूने, काकांना पातळ चिमटा घेऊन बोलवावं लागलं. शेवटी साचा एकदाचा सुटला. सहायिकेने पाण्याचा पेला पुढे केला आणि बोलणी खायला मान खाली घातली.

गृहस्थांनी चूळ भरली, जबडा दोनदा उघडून-मिटून पाहिला आणि म्हणाले, "पण ती माफ करते का त्याला?"

डॉक्टरीणबाईंनी ती मालिका कधी पाहिलीच नव्हती. त्या हातमोजे काढत बाहेर आल्या, बाकावरच्या सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "कामाच्या वेळात हे मला परत दिसता कामा नये. काय सांगायचं-ऐकायचं ते जेवणाच्या सुट्टीत."

"बरोबर आहे, मॅडम," ताई म्हणाल्या.

त्या आत गेल्यावर ताईंनी बाळाच्या तोंडातून तक्ता सोडवून घेतला. जेवणाची सुट्टी एकला असायची आणि दुपारच्या पाळीची सहायिका दोनला यायची. ताईंनी ओल्या कोपऱ्याकडे पाहिलं, खणातून खोडरबर काढलं, पण शाई खोडरबराने जाईना. मग त्यांनी 'दुपार'वर पांढऱ्या कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर 'सकाळ' लिहिलं.

"पैज तू हरलीच आहेस," त्या म्हणाल्या. "हे सीझन संपेपर्यंतच. भाग किती आहेत ते मला पाठ आहे. आठ."

"हो, ताई," सहायिका म्हणाली.

"आणि आवाजासकट तो सीझन वाईटच आहे."

"वाईटच आहे, ताई."

दुसऱ्या दिवसापासून एकच्या सुट्टीत मागच्या खोलीत सहायिका रोज एक भाग सांगू लागली. काका कवळ्या घासायच्या चाकाचा आवाज बंद करून ऐकायला बसायचे. आठवा भाग दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी संपला. सहायिका रात्रभर धास्तावून होती. बुधवारी तिने डबा उघडला, मन घट्ट केलं आणि सांगितलं, की नवव्या भागात पहाटेच बहीण उठते आणि पाहते तर भाऊ तिसऱ्या जिन्याचा कठडा रंगवत असतो.

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी भाकरीसारखा शांत, गोल चेहरा केला.

काल विसावा भाग झाला. हॉटेलात आता दोन पाहुणे उतरले आहेत आणि बहिणीला रडायला वेळ मिळत नाही. ताईंनी त्याच्या पुढच्या महिन्याचा तक्ता लावला. त्यात कुठे चिठ्ठी चिकटवलेली नव्हती. सहायिकेच्या नावापुढे 'सकाळ' थेट निळ्या शाईनेच लिहिलं होतं.