साहेब नको, डोंगर ठेव

पदाजीशेठ पहिल्यांदा माझ्या दुकानात आले आणि पाच मिनिटांत त्यांनी एका इंग्रज साहेबाचे घोड्यासकट दोन तुकडे केले. तेही माझ्याच कात्रीने!

थांबा, नीट सांगते. पनवेलच्या जुन्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आहे. आधी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं; आता देव, लग्नाचे फोटो आणि पोरांची सर्टिफिकेटं काचेत घालते. त्या दिवशी पांढरी टोपी, पांढरा शर्ट, गळ्यात बोटभर जाड साखळी असे एक साठीचे आगरी गृहस्थ आले आणि त्यांनी काउंटरवर एक कागद पसरला. मी उडालेच. अहो, अस्सल जुनं इंग्रजी छापचित्र! तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरून छापलेलं, वर हाताने रंगवलेलं. असली चित्रं मी जन्मभर फक्त पुस्तकात पाहिली होती. पुढे घोड्यावर साहेब, त्याच्या डोक्यावर छत्री धरलेला नोकर, मागे निळसर डोंगर.

“बाय, ह्यो सायब काप. डोंगर तेवडा ठेव.”

“काय?”

“सायब नको.”

“शेठ, दोनशे वर्षांचा कागद आहे हा! माझा हात कसा धजेल?”

“तुजा नाय ना धजत? मंग आन हिकडं.” आणि कर्र! साहेब एकीकडे, घोड्याचा मागचा भाग दुसरीकडे, छत्रीवाला बिचारा मधोमध गेला. शेठनी डोंगर माझ्यापुढे सरकवला आणि उद्यापर्यंत फ्रेम पाहिजे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फ्रेम नेली. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत हजर. “काय शेठ, घरी आवडलं का?”

“नाय म्हनली.”

म्हणजे बायको, हे मला हळूहळू कळलं. तिला आवडेल असा डोंगर मिळेपर्यंत हा माणूस थांबणार नाही, हेही कळलं. मुंबईचा एक जुन्या चित्रांचा व्यापारी त्यांना मोबाईलवर फोटो पाठवायचा आणि हे किमतीची घासाघीस न करता चित्र उचलायचे. गुंडाळी घेऊन दारात दिसले की मी आधी कात्री लपवायचे. शेवटी मी तोड काढली. वर जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायचा आणि त्याची खिडकी अशी कापायची, की डोंगर दिसेल आणि साहेब पुठ्ठ्याखाली जाईल. माझ्या हातून असे किती साहेब, मडमा आणि शिकारी कुत्रे जिवंत गाडले गेले, देवालाच ठाऊक. पण निदान कातरले तरी गेले नाहीत.

चित्रं काढणाऱ्यांविषयी शेठचं मत फार वाईट. मी रंगांचं कौतुक सुरू केलं की ते कागदाला नाक लावायचे आणि म्हणायचे, “खोटा हाय!” एकदा खाडीचं फार सुरेख चित्र होतं. होड्यांची शिडं वाऱ्याने फुगलेली, काठाला ओला चिखल. शेठ म्हणाले, “ओहोटी लागली हाय. चिखलात शीड लावून ह्यो खुळा चाललाय कंच्या गावाला?” दुसऱ्या एका चित्रातल्या माडावर बोट ठेवलं. “ह्या अंगाला माड कवाच नव्हता. जागा रिकामी दिसली का सायब लावतोय माड!” तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं होतं, कोपरा रिकामा राहिला तर एक नारळाचं झाड काढा म्हणून!

एकदा तर हद्द झाली. चित्रात बर्फ, मेंढ्या आणि घागरे घातलेले पुरुष. “अहो शेठ, हा डोंगर विलायतेतला आहे!”

“आसंल. उतार बरा वाटला.”

मी कपाळाला हात लावला. बाजारात सगळ्यांना हा किस्सा सांगून पोट धरून हसले. आता त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात शेठ आले ते एक वहीएवढा कागद घेऊन. हे छापलेलं नव्हतं. कुणा साहेबाने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने काढलेलं, वर पातळ तपकिरी रंगाचा हात. मागे बारीक इंग्रजी अक्षरात एक ओळ होती. मी वाचली: “होडीतून दिसणारा डोंगर. ओहोटी.” मी ‘खोटा हाय’ची वाट बघत राहिले. शेठनी कागद दाराच्या उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, “ह्यात सायब नाय.”

“नसणारच. तो होडीत बसून काढतोय ना!”

“बाय, भिंतीवर लावाला तूच चल. मना येकट्याला भ्या वाटतं.”

भीती? या माणसाला? मी हातोडी आणि खिळे घेऊन मुकाट गाडीत बसले. उलव्याच्या रस्त्यावर जिकडेतिकडे क्रेन आणि अर्धवट इमारती. विमानतळाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि काचेतून सपाट जमिनीकडे बोट केलं. “हितं व्हता.”

विमानतळासाठी डोंगर तोडून जमीन सपाट केली, हे पनवेलात कुणाला माहीत नाही? मी तसं म्हटलं. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाहून नेला कुनी, ता म्हायतीय? माज्या डंपरांनी. गावात पयला ठेका मीच घेतला.”

त्यांच्या बायकोचं, सोनाबायचं, माहेर डोंगरापलीकडे होतं. पहिला डंपर भरून निघाला त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, औषध देते, पण बोलत नाही. “लग्नाच्या फोटूत मागं डोंगर हाय, पन माजंच डोस्कं आडवं आलंय,” शेठ सांगत होते. “मोबाईल आला तवर अर्धा खडीवाल्यांनी खाल्ला व्हता. आमी कवा डोंगराचा फोटू काढला? सायब मातर तेच काढीत बसायचा. म्हनून आनतो. ती येते, बगते, ‘ह्यो नाय’ म्हनते न् आत जाते. इतक्या वरसांत तेवडंच बोलनं.”

त्या एका ‘नाय’साठी हा माणूस दुकान आणि घर असे खेटे घालत होता!

बंगला तीन मजली. हॉलच्या भिंतीवर माझ्याच हातच्या फ्रेमा, सगळे परके डोंगर. सोनाबाय लादीवर बसून सुपात सुकट निवडत होती. मी खिळा ठोकला, चित्र टांगलं आणि बाजूला झाले. शेठ टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले.

सोनाबाय उठली. हात पदराला पुसले, जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचं बोट काचेवरून उतारावर हळूहळू सरकू लागलं. “हितं आंबा,” ती पुटपुटली. “हितं पानी पियाची जागा. ही माज्या म्हायेराची वाट.” बोट थांबलं. ती वळली आणि सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

“आता ह्यो कवा इकनार?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हातातली हातोडी कुठे ठेवू कळेना. सोनाबाय सुकटीचं सूप उचलून आत निघून गेली.

शेठ हळूहळू माझ्याजवळ आले. डोळे भरून वाहत होते आणि चेहरा हसत होता. माझा दंड घट्ट धरून ते कुजबुजले, “आयकलंस ना, बाय? माज्याशी बोलली.”