नायकाने काय उचलावे

खऱ्या पुरुषाचे प्रेम शेजाऱ्यांना ऐकू गेल्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही, हे कैरोच्या सिनेमावाल्यांनी कधीच सिद्ध केले आहे. या शास्त्रातला आजचा अधिकारी पुरुष म्हणजे पटकथाकार वगदी. त्याच्या विनोदी प्रेमपटांतला नायक मध्यंतरापर्यंत नायिकेचा पाणउतारा करतो (याला स्वभाव म्हणतात), तिच्या नकाराकडे काणाडोळा करतो (याला निष्ठा म्हणतात) आणि शेवटी एकाच डोळ्याने रडतो. दुसरा डोळा मर्दानगीसाठी राखीव असतो. नायिकेखेरीज कोणतेही वजन तो उचलत नाही.

या शेवटच्या कलमाला जागून वगदीने घरचा गॅस सिलेंडर उचलायला नकार दिला. बायकोने, सुहैरने, तो एकटीने चौथ्या मजल्यावर चढवला, जोडला आणि ती शुब्रा वस्तीत आईकडे निघून गेली. "परत येईन असं धरून चालू नकोस," एवढेच म्हणाली. रिकामे घर वगदीला खायला उठले. त्याचे तिच्यावर खरोखर प्रेम होते. ते करतात कसे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

म्हणून जे ठाऊक होते ते त्याने केले. सासूच्या बाल्कनीखाली गुडघे टेकून त्याने स्वतःचेच गाजलेले संवाद घसा फोडून म्हटले. गल्लीतल्या बायका भाजलेल्या बिया सोलत आपापल्या बाल्कनीत आल्या. ठरल्या डोळ्यातून पाणीही आले. तेवढ्यात सुहैरने भाजीची टोपली दोरीने खाली सोडली. गल्लीने श्वास रोखला. टोपली रिकामी होती.

"दोन किलो बटाटे टाक त्यात," सुहैर म्हणाली.

"आणि जावईबापू," सासूने कठड्यावरून पुस्ती जोडली, "आमचाही सिलेंडर संपलाय. गाडी कोपऱ्यावर उभी आहे. खांद्यावर घ्या नि या वर. रडायचं ते वर येऊन रडा, खाली पोरं खेळतात."

वगदीने सिलेंडर उचलला. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तो मटकन बसला आणि दोन्ही डोळ्यांनी रडला. बायका केव्हाच आत गेल्या होत्या. पाहण्यासारखे काही उरले नव्हते. सुहैर खाली उतरून आली. "एक बाजू मला दे," म्हणाली.

हा जिना वगदीने पुढच्या पटकथेत जसाच्या तसा घातला. निर्मात्याने तो कापला (नायकाला धाप लागलेली दिसली की तिकिटे खपत नाहीत) आणि तिथे पाऊस घातला. कैरोत पाऊस वेळेवर मिळत नसल्याने टँकर मागवला. थिएटर हुंदक्यांनी भरून गेले. वाचकहो, तुम्हीही तिथेच रडला असतात. या जिन्यापर्यंत आलात, ते या गोष्टीला तिकीट नव्हते म्हणून.